उरलेले वेढे

पम्या,

तुझा निळा डबा माझ्या टेबलावर आहे. खजुराच्या बिस्किटांचा, एका बाजूने पोचा आलेला. काल अहमदीला तुझ्या घरातलं सामान बांधायला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी तो हातात दिला. "भाऊजी, हा तुम्ही न्या. आम्ही नाशिकला नेऊन याचं काय करणार?" म्हणाल्या. मी तो तिथे उघडला नाही. तू जिवंत असताना कोणी त्याच्या झाकणाला बोट लावलं तरी फटका मारायचास. ती भीती अजून गेलेली नाही.

तू जाऊन चोवीस दिवस झाले. भेटेल तो विचारतो, कसं झालं, वय काय होतं, आधी काही त्रास होता का. माझी उत्तरं आता पाठ झाली आहेत. तुला ती सांगण्यात काही मतलब नाही. मला तुझ्याशी आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते अर्ध्यावर राहिलं, त्यात चूक माझी होती, आणि हे मी तुझ्या तोंडावर कबूल करायच्या आत तू निघून गेलास.

भांडण कशावरून, असं कोणी विचारलं तर सांगायला लाज वाटेल इतकी किरकोळ गोष्ट. पन्नाशीला टेकलेले दोन गृहस्थ, एक बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारा, एक तेलकंपनीत प्रेशर गेज तपासणारा, दहा वर्षं दर शुक्रवारी सकाळी कुवेतला बनेद अल-गारच्या एका बाल्कनीत बसून वाद घालत होते, की व्हेपची कॉइल हाताने गुंडाळावी की मशीनने.

सुरुवात सिगारेटपासून झाली. मंडळाच्या गणपतीत आत आरती चालू होती आणि हॉलच्या मागे पार्किंगमध्ये तू नि मी चोरासारखे उभे होतो. "काडेपेटी आहे का, राव?" हे तुझं मला म्हटलेलं पहिलं वाक्य. दोन वर्षांनी त्याच पार्किंगमध्ये आपण ठरवलं की बस झालं. सईने शाळेतून येऊन तुला सांगितलं होतं, "बाबा, यू स्मेल." त्या दोन शब्दांनी तुला जेवण गेलं नाही. सिगारेट सुटली आणि हातात व्हेप आलं, ती बॅटरीवरची ई-सिगारेट. धूर गेला, वाफ आली. दोन्हींना डॉक्टर नावंच ठेवतात. त्या वाफेने तुझ्या छातीचं काय केलं असेल हा विचार रोज येतो, आणि रोज मी व्हेप खिशातून काढून परत खिशात ठेवतो.

तयार कॉइल दुकानात मिळते. पण तुला तयार काही आवडलंय का कधी? नखाएवढी ती वस्तू. तारेचं एक गोल वेटोळं, त्याच्या पोटातून कापूस घातलेला. तार तापते, कापसातलं लिक्विड उकळतं, वाफ होते. पहिल्याच दिवशी तू ती चिमट्याने उसकटलीस आणि म्हणालास, "अरे, हे तर वाइंडिंग आहे. आमच्या दुकानातलं." तुझ्या वडिलांचं निफाडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आणि तुझं काम होतं वडील तार गुंडाळत असताना वेढे मोजायचं. एक वेढा चुकला की पाठीत धपाटा. कुवेतच्या बाल्कनीत बसून तू पुन्हा वेढे मोजायला लागलास.

साध्या वेटोळ्यावर तुझं भागलं असतं तर वादच झाला नसता. पण आपल्याला दोघांनाही ती दुहेरी तार लागायची. दोन जाड तारा शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यावर केसाएवढी बारीक तार अशी गुंडाळायची की मध्ये फट राहता कामा नये. मग त्या जाड झालेल्या तारेचं वेटोळं करायचं. त्याच्या वाफेला चव वेगळीच येते, हे एकच मत आपलं जुळायचं. ती बारीक तार चढवायची कशी, इथे फाटा फुटायचा.

मी शर्कला मासळीबाजारात पापलेट घ्यायला गेलो होतो. त्याच्याजवळच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात मला स्विव्हल मिळालं. गळाच्या दोरीला लावतात ती दोन्ही टोकांनी स्वतंत्र फिरणारी छोटी कडी. तारांचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये पकडायचं, दुसरं त्या कडीला. ड्रिल फिरलं की तारा पीळ न खाता गरगरतात आणि बारीक तार आपसूक चढत जाते. चार मिनिटांत वीतभर, एकसारखी, जणू कारखान्यातून आली आहे. मी तुला ती कौतुकाने दाखवली. तू ती नखावरून फिरवलीस, उजेडात धरलीस आणि म्हणालास, "चांगली आहे. पण यात तू कुठे आहेस, भो?"

हे वाक्य मला किती वर्षं टोचलं असेल तुला कल्पना नाही.

तू तारांची दोन्ही टोकं दोन चिमट्यांत ताणून टेबलाला लावायचास आणि बोटांनी एकेक वेढा द्यायचास. दीड तास. ओठ हलत असायचे. मध्ये कोणी बोललं तर तू मान वर न करता डावा हात उचलायचास आणि पुढचा आकडा मोठ्याने म्हणायचास, म्हणजे आम्हाला कळायचं की साहेब तीनशे बारावर आहेत. माझी बायको पोह्यांची बशी तुझ्याजवळ ठेवून पाय न वाजवता आत जायची. पोहे गार व्हायचे. मी म्हणायचो, "तेवढ्यात माझ्या वीस झाल्या असत्या." तू म्हणायचास, "कर ना. मग बस त्या बघत." हा वाद मिटावा असं आपल्याला कधी वाटलंच नाही. तो होता म्हणून तू अहमदीहून चाळीस मिनिटं गाडी चालवत यायचास.

आता त्या शुक्रवारचं. तू ऐकून घे, उठू नकोस.

गेल्या काही महिन्यांत तुझ्या कॉइल बिघडायला लागल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. वेढ्यावर वेढा चढायचा, मध्येच फट दिसायची. तू ते उसवून पुन्हा करायचास. दीड तासाचे अडीच तास व्हायला लागले. मला काय वाटावं? मला वाटलं, मी जिंकतोय. मित्राचा हात बिघडतोय हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि मनात गुण माझ्या मशीनला देत होतो.

म्हणून मी शर्यत लावली. हात विरुद्ध मशीन. माझी चार मिनिटांत झाली, मग मी फोन घेतला आणि तुझ्या बोटांवर धरून क्रिकेटची कॉमेंटरी सुरू केली. "आणि हा पाहा, पम्याशेठचा वेढा घसरला! पुन्हा घसरला! आजोबांना कोणीतरी चष्मा द्या!" तार तीनदा सुटली. तिसऱ्यांदा तू दुसऱ्या हाताने मनगट धरलंस. मला ते विनोदी वाटलं. मी तो व्हिडिओ तिथल्या तिथे आपल्या 'तार आणि कापूस' ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये माझ्याशिवाय नऊ जण, त्यात तुझ्या खात्याचे नायरसाहेब.

तुझा फोन वाजला. तू पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त गेलं, आणि तेही मला नंतर आठवलं, तेव्हा दिसलं नाही.

"काढून टाक ते, मिल्या."

"अरे, गंमत रे!"

"काढ म्हणतोय ना."

"एवढं काय त्यात? हसू दे की लोकांना."

तू चिमटे सोडवलेस. तार गुंडाळून डब्यात ठेवलीस, झाकण लावलंस. पोह्यांना हात लावला नव्हतास. दारात चपला घालताना म्हणालास, "बरं. येतो." दहा वर्षं तू निघताना म्हणायचास, "पुढच्या शुक्रवारी बघतो तुला." त्या दिवशी ते म्हणाला नाहीस.

व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला. रात्रभर राहिला तो तिथे. पुढच्या शुक्रवारी तू आला नाहीस, पाहुणे आहेत म्हणालास. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नुसतं 'नाही जमत' लिहिलंस. मी काय करायला हवं होतं? गाडी काढून अहमदीला यायला हवं होतं. मी काय केलं? तुला एक स्टिकर पाठवलं, गळाला लटकलेल्या माशाचं. सॉरी लिहिलं होतं आधी. पुसलं. इतक्या वर्षांच्या मित्राला सॉरी म्हणायचं म्हणजे जिभेवर काटा. मी आयुष्यभर थट्टेच्या मागे लपत आलो आहे, त्या दिवशीही लपलो. तू अंगठा पाठवलास. तो अंगठा मी किती वेळा पाहिला असेल. रागाचा आहे की माफीचा, काही कळत नाही. पिवळा असतो नुसता.

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला. तू अंगणातल्या लिंबाच्या झाडाला पाणी घालताना कोसळलास. मी पोहोचलो तेव्हा नळ अजून चालू होता, तो मी बंद केला. तुझ्यासाठी मी केलेलं त्या दिवसातलं पहिलं काम ते.

पुढचे दिवस कागदांचे. कंपनीचा मंदूब, म्हणजे कागदपत्रांचं बघणारा तो भला सुदानी माणूस, माझ्यासोबत खिडकी-खिडकी फिरला. प्रत्येक ठिकाणी तुझी बताका मागायचे, ते सिव्हिल आयडीचं कार्ड, आणि मी काचेखालून तुझा फोटो आत सरकवायचो. विमानतळावर कार्गोच्या कारकुनाने वजन विचारलं. मला आधी कळलंच नाही की तो तुझ्याबद्दल बोलतोय. वहिनी आणि सई त्याच विमानाने वर बसून गेल्या. तू खाली. मी जाळीपलीकडे उभा राहिलो, मंदूबने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत काहीतरी बोललो.

इतके दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. नायरसाहेबांनी तो व्हिडिओ पाहिला असणार. त्यांनी तुला बोलावलं असणार. तुझ्यावर काहीतरी आलं असणार आणि ते तुझ्या छातीला झेपलं नसणार. मी कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

काल वहिनी आणि सई घर रिकामं करायला परत आल्या. मी खोके आणले, टेप आणली. स्वयंपाकघरातलं सामान बांधत असताना वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा हात थरथरत होता, माहीत होतं का तुम्हाला?"

माझ्या हातात तुझा चहाचा मग होता. मी तो कागदात गुंडाळत राहिलो.

"वर्ष झालं. उजवा. गोळ्या चालू होत्या. कोणाला सांगू नको म्हणाले. कंपनीचं मेडिकल चेकअप जवळ आलं होतं ना. तुमच्याकडे यायच्या आधी गुरुवारी संध्याकाळी इथे बसून करून बघायचे ती तार. नीट आली की खूश. नाही आली की जेवायचे नाहीत."

सई दारात उभी होती. "ही वॉज प्रॅक्टिसिंग, काका," म्हणाली. "फॉर यू."

म्हणजे माझी बाल्कनी ही तुझी परीक्षा होती. दर शुक्रवारी तू हात तपासायला यायचास, आणि ज्याच्यासमोर तपासायचास तो मित्र फोन धरून आजोबा म्हणत होता. मी खोक्यावर बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. व्हिडिओ, कॉमेंटरी, सगळं. म्हणालो, वहिनी, माझ्यामुळे त्याची नोकरी गेली असती. कदाचित माझ्यामुळेच.

वहिनी वळल्या. रागावतील असं वाटलं होतं, आणि रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मला ठाऊक आहे की व्हिडिओचं. नायरसाहेबांनी काही बघितला नव्हता, ते सुट्टीवर होते केरळला. हेच गेले रविवारी ऑफिसला आणि मोठ्या साहेबांना स्वतःच सांगून आले. म्हणाले, मिल्याला दिसलं म्हणजे आता जगाला दिसतंय. या हाताने गेज लावायचं आणि उद्या कोणाच्या तोंडावर फुटायचं, त्यापेक्षा गेलेली बरी नोकरी. तर गेली नाही. नव्या पोरांना शिकवायला बसवलं. त्या रात्री वर्षात पहिल्यांदा झोपले ते, आडवे पडल्या पडल्या."

मी विचारलं, "माझ्यावर रागावला होता?"

वहिनी खोटं बोलत नाहीत, तुला माहीत आहे. "होते तर. आठवडाभर तुमचं नाव काढू दिलं नाही घरात. मी म्हटलं फोन करा, तर म्हणाले, त्याला करू दे."

त्याला करू दे. पम्या, मी केला नाही.

"आणि मग त्या सोमवारी," वहिनी म्हणाल्या, "कामावरून आले ते सरळ शर्कला जाऊन. ती तुमची कडी घेऊन आले. ड्रिल मागून आणलं शेजारून. म्हणाले, या शुक्रवारी जातो. मशीनने का होईना, मिल्यापेक्षा माझी सरळ येते ते दाखवतो त्याला."

सोमवारी. मंगळवारी सकाळी लिंबाला पाणी.

तू येणार होतास. हे मला काल कळलं, आणि आज दिवसभर मी हेच वाक्य घेऊन घरात फिरतोय. यात आनंद मानू की ऊर बडवू, ते मला ठरवता येत नाही. मी माफी मागितली नव्हती, तरी तू येणार होतास. आणि नुसता येणार नव्हतास, माझी कडी घेऊन येणार होतास. हात साथ देत नाही म्हटल्यावर तू मशीन घेतलंस, माझ्यासारखा तोरा न मिरवता. मी इतकी वर्षं म्हणत होतो ते मान्य करायला तुला एक संध्याकाळ पुरली.

आज शुक्रवार. सकाळी पोहे झाले. बायकोने सवयीने तीन बशा काढल्या, मग एक परत ठेवली. मी बाल्कनीत बसून डबा उघडला.

आत तुझे चिमटे, कापूस, तारेची रिळं, चष्म्याची एक सुटी काडी. आणि एका कागदात ते स्विव्हल, नवं, त्याला अजून तुझी तार अडकलेली. अर्धी गुंडाळून झालेली. मी ती नखावरून फिरवली, तू फिरवायचास तशी. एकही फट नाही. खरंच माझ्यापेक्षा सरळ आहे रे, मान्य. उरलेली अर्धी नुसतीच उघडी, दोन जाड तारा शेजारी शेजारी. वहिनींनी जेवायला हाक मारली असेल आणि उद्या करू म्हणून तू कागदात ठेवली असशील.

माझं ड्रिल आत कपाटात होतं. दोन मिनिटांचं काम. मी काढलं नाही.

स्विव्हल सोडवलं. दोन्ही टोकं तुझ्या चिमट्यांत ताणून टेबलाला लावली आणि जिथे तू थांबला होतास तिथून पहिला वेढा बोटाने दिला. एक. दोन. माझे हात धडधाकट आहेत, पम्या, त्यांना कसलाही रोग नाही. अकराव्या वेढ्याला तार सुटली. पुन्हा एक. चाळीसपर्यंत गेलो आणि आकडा विसरलो. बायको काहीतरी विचारायला आली, मी डावा हात उचलला आणि मग लक्षात आलं की म्हणायला माझ्याकडे आकडाच नाही. ती आत जाऊन रडली, मला ऐकू आलं. तार बोटात रुतते हे तू कधी सांगितलं नाहीस. डोळ्यात पाणी आलं की वेढा दिसत नाही, तेही नाही.

अडीच तास लागले. पोहे गार झाले. तुझी अर्धी एकसारखी आणि त्यापुढे माझी अर्धी, कुठे फट, कुठे वेढ्यावर वेढा. कुठे तू संपलास आणि कुठे मी सुरू झालो, ते लांबूनही दिसतं. त्या व्हिडिओत तुझी आली होती, त्याच्या दसपट वाईट आहे.

सॉरी, पम्या. फोनमध्ये पुसलं होतं, ते इथे लिहिलं.

मग मी ग्रुप उघडला. त्या शनिवारी मी व्हिडिओ काढून टाकला, त्या जागी माझ्या नावाने अजून लिहिलेलं आहे की हा मेसेज डिलीट केला. त्यानंतर तुझ्या श्रद्धांजलीचे निरोप, हात जोडलेले, दिवे. सगळ्यांत खाली मी तारेचा फोटो टाकला, अगदी जवळून, सगळ्या फटी दिसतील असा. खाली लिहिलं, सरळ आहे ती प्रमोदची. वाकडी माझी. हाताने केली.

नऊ जणांनी पाहिलं, नऊमध्ये तुझाही नंबर धरायची सवय आहे, म्हणजे आठ. नायरसाहेबांनी हात जोडले. कोणीही हसलं नाही. तू हसला असतास, पोट धरून, आजोबा म्हणून. त्या एका हसण्यासाठी मी तो फोटो टाकला होता.